प्राथमिकच्या मुलांनी मोबाईल-कॉम्प्युटरवर स्वतः केलेले प्रोजेक्ट : पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी नवी मुंबईत ऐरोलीच्या बाजूला एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. गेली काही वर्षं वर्गात मोबाईल, जुने टॅब आणि लॅबमधले रडतखडत चालणारे कॉम्प्युटर वापरून मुलांकडून प्रोजेक्ट करून घेते. दर पालकसभेनंतर तेच तेच प्रश्न येतात, ठाण्याच्या मैत्रिणी रात्री दहाला व्हॉइस नोट टाकून तेच विचारतात, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून ठेवलं. यापुढे हेच पाठवणार आणि मी झोपणार.

प्रोजेक्ट म्हणजे शेवटी प्रिंटाउट आणून चिकटवायचंच ना?

नाही हो, तेच तर बंद करायचंय. एकदा तिसरीला 'वाहतुकीची साधने' दिलं होतं. 22 वह्यांमध्ये तीच लाल डबल डेकर बस, त्याच कोनातून, कारण कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने एकच शीट काढून ठेवलं होतं आणि सगळ्या आया संध्याकाळी तिथेच गेल्या. बस लंडनची. आमच्या शाळेच्या दारावरून दिवसभर एनएमएमटी, म्हणजे नवी मुंबई पालिकेची बस जाते, ती एकाही वहीत नाही. त्या दिवशी ठरवलं की फोटो हवा तर मुलाने स्वतः काढायचा, वाकडा आला तरी चालेल, निम्म्या फोटोत बोट आलं तरी चालेल.

तर मी प्रोजेक्ट म्हणते तो असा, की मुलाने काहीतरी बघितलं, कुणाला तरी विचारलं, मोजलं किंवा बनवलं आणि मग ते दुसऱ्याला दाखवता येईल असं केलं. मोबाईल फक्त त्या दाखवण्यासाठी. बघणं-विचारणं झालंच नसेल तर अॅप कितीही भारी असू दे, ती परत लंडनची बसच.

वर्गात 44 मुलं आणि माझा एकच मोबाईल. कसं जमणार?

जमतं. सगळ्यांनी एकाच वेळी मोबाईलवर काम करायचं हा हट्ट सोडला की जमतं. मी आठ गट करते, आणि मोबाईल एका वेळी एकाच गटाकडे, तोही तासाची शेवटची 15-20 मिनिटं. बाकीचे तोवर चित्रं काढतात, प्रश्न लिहितात, मातीकाम करतात, काय बोलायचं त्याची प्रॅक्टिस करतात. खरं काम तिथेच होतं. आठ गट म्हणजे आठ दिवस लागतात, लागू देत. शिवाय पहिल्या गटाने घातलेला घोळ दुसरा गट बघतो, त्यामुळे आठव्या गटाला मला काही सांगावंच लागत नाही.

दुसरी गोष्ट, घरोघरी कपाटात जुने फोन पडलेले असतात. सिम नको, इंटरनेट नको, कॅमेरा आणि माईक चालला की बास. मी ग्रुपवर एकदा विचारलं तर चार आले. घेताना मालकाला सगळं डिलीट करून, रिसेट मारूनच द्यायला सांगा, आणि बॅटरी फुगलेली असेल तर अजिबात घेऊ नका, लहान मुलांचा वर्ग आहे.

पहिली-दुसरीला धड लिहिताही येत नाही, त्यांनी काय करायचं?

उलट त्यांच्यासाठीच हे बेस्ट आहे, कारण बोलता सगळ्यांना येतं. पहिलीला मी फक्त दोन गोष्टी शिकवते, फोटो काढणे आणि आवाज रेकॉर्ड करणे. स्वतः काढलेलं चित्र पुढ्यात ठेवायचं, त्याबद्दल अर्धा मिनिट बोलायचं, चित्राचा फोटो आणि तो आवाज जोडला की झाला प्रोजेक्ट.

आमच्याकडे एक मुलगी होती, वर्गात तोंडच उघडायची नाही, हजेरीला सुद्धा नुसता हात वर. तिला फोन देऊन जिन्याखाली बसवलं, तिथे जरा शांत असतं. बाईसाहेब चार मिनिटं बोलल्या! घरी मांजरीला पिल्लं झाली होती त्याबद्दल. मध्येच बाहेरून भंगारवाल्याची आरोळी आली तर थांबून म्हणते, "हा भंगारवाला आहे, मांजर नाही." ते मी कापलं नाही. जिन्याखालची ती जागा तेव्हापासून आमचा स्टुडिओ.

विषय कुठून आणायचे? पुस्तकातलेच घ्यायचे का?

पुस्तकातलाच घ्या पण खाली आपल्या गल्लीत उतरवा. पाणी हा धडा सगळीकडे आहे, पण नवी मुंबईला पाणी मोरबे धरणातून येतं, ते महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, खालापूर तालुक्यात, आणि पावसाळ्यात पेपरला त्याची पातळी येत राहते. 88 मीटरला धरण भरतं. चौथीची मुलं पेपरमधून आकडा आणतात, आम्ही तो गुगल शीट्समध्ये टाकतो आणि स्तंभालेख आपोआप वर चढत जातो. जुलैत जेव्हा तो उड्या मारायला लागतो तेव्हा मुलं सकाळी आल्या आल्या विचारतात, बाई आज किती? आलेख म्हणजे काय ते मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

फ्लेमिंगो तर आमच्या हक्काचे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 ला जाहीर झालं, 2022 ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, आणि साधारण नोव्हेंबर ते मे खाडीत गुलाबी पट्टा दिसतो. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून बोट जाते पण ती भरती-ओहोटीवर अवलंबून, त्यामुळे मुलांसमोर आपोआप प्रश्न येतो की बोटीची वेळ रोज बदलते कशी. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, हे त्यांनी स्वतः तक्ता करून शोधलं. मी नुसती मोठी बेरीज झाली की मदतीला.

ठाण्याच्या मैत्रिणी तलाव घेतात. मासुंदा, कचराळी, उपवन, प्रत्येक गटाला एक तलाव, काठावर दहा फोटो आणि तिथे रोज येणाऱ्या एका माणसाची मुलाखत. खारघर-पनवेलकडच्यांनी कॉम्प्युटरवर गुगल अर्थमध्ये जुन्या वर्षांचे उपग्रह फोटो बघावेत. उलव्याची टेकडी होती, मग अर्धी, मग गायब, मग विमानतळाची धावपट्टी. मुलं गप्प होतात बघताना.

पण माझा सगळ्यात आवडता विषय म्हणजे घरातलं म्हातारं माणूस. आमच्याकडे आजूबाजूच्या गावठाणातली आगरी-कोळी मुलं बरीच आहेत. एका मुलाने आजोबांना विचारलं, तुम्ही खाडीवर कधी जायचा? आजोबा म्हणाले, उधाण असलं की आणि भांग असली की वेगळं जायला लागायचं. वर्गात रेकॉर्डिंग लावलं आणि भांग ऐकून सगळी खो खो हसायला लागली, होळीची भांग वाटली ना. तो मुलगा चिडून लालबुंद. मग त्यानेच फळ्यावर येऊन समजावलं, अमावस्या-पौर्णिमेला पाणी खूप चढतं ते उधाण, अष्टमीच्या आसपास कमी चढतं ती भांग. हा शब्द पुढे भूगोलात यायचाच आहे, आमच्या वर्गाला तो आजोबांच्या आवाजात आधीच पाठ आहे.

मराठी टाइप करायला मुलांना खूप वेळ लागतो, काय करू?

फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा टाकून घ्या, मग माईकचं चिन्ह दाबून बोललं की अक्षरं उमटतात. काही कीबोर्डमध्ये बोटाने स्क्रीनवर लिहिलं तरी टाइप होतं, ते दुसरीच्या मुलांना फार आवडतं कारण पाटीसारखं वाटतं.

फक्त बोलून टाइप केलेलं तसंच्या तसं घेऊ नका. वरच्या त्याच आजोबांचं वाक्य बोलून टाइप केलं तर 'खाडी'ची 'गाडी' झाली, म्हणजे आजोबा गाडीत मासे पकडायचे. मी मुद्दाम ते दुरुस्त न करता मोठ्या स्क्रीनवर लावलं आणि म्हटलं, चुका शोधा. शुद्धलेखनाच्या तासाला एवढे हात कधी वर आले नव्हते. आणि हो, आगरी शब्द प्रमाण मराठीत 'सुधारू' नका. आजोबा जसं बोलले तसंच लिहायचं, खाली अर्थ द्यायचा.

स्टॉप मोशन म्हणजे काय, आणि लहान मुलांना जमतं का?

वस्तू थोडी हलवायची, फोटो, परत थोडी हलवायची, परत फोटो, आणि ते फोटो भरभर दाखवले की वस्तू चालते. स्टॉप मोशन स्टुडिओ नावाचं अॅप आहे, फुकटच्या आवृत्तीत आपलं काम भागतं. सेकंदाला 6 फोटो धरा, 10 सेकंदाच्या फिल्मला 60 फोटो. हा हिशोब मुलांकडूनच करून घ्या, पाढ्यांचा उपयोग त्यांना तेव्हा पहिल्यांदा पटतो.

आम्ही चौथीत पहिली रेल्वे केली होती. 16 एप्रिल 1853, दुपारी 3 वाजून 35 मिनिटं, बोरीबंदर ते ठाणे, सुमारे 34 किलोमीटर, 14 डबे आणि ओढायला तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. मुलांनी शाडूच्या मातीची गाडी केली, रूळ आइस्क्रीमच्या काड्यांचे, धूर कापसाचा. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रबरबँडने बांधला. पहिल्या दिवशी पंखा चालू राहिला आणि धूर उडून थेट खिडकीबाहेर. दुसऱ्या दिवशी पंखा बंद, एप्रिलचा महिना, आम्ही सगळे घामाघूम. तिसऱ्या दिवशी कुणीतरी टेबलाला धक्का दिला आणि गाडी एका फोटोत एकदम टुणकन उडाली, फिल्ममध्ये अजून तशीच उडते.

सगळ्यात मोठा वाद डब्यांवर झाला. माती चारच डब्यांपुरती होती. एक मुलगी म्हणाली 14 होते तर 14 च पाहिजेत, नाहीतर खोटं होईल. बराच वेळ भांडून शेवटी त्यांनीच तोडगा काढला, फिल्मच्या शेवटी पाटी: 'खऱ्या गाडीला 14 डबे होते. आमची माती संपली.' मी आजवर एवढी प्रामाणिक तळटीप मोठ्या माणसांच्या लिखाणात वाचलेली नाही.

उजेडाचं एक लक्षात ठेवा, खिडकीचा उजेड ढगांमुळे बदलत राहतो आणि फिल्म लुकलुकते. ट्यूबलाइट लावून पडदा ओढा.

कोडिंग आत्ताच शिकवायलाच हवं का? क्लासवाले म्हणतात उशीर होतोय.

क्लासवाल्यांना फी हवी असते. ठोकळे जोडून चित्रं हलवायचं, गोष्टी-खेळ बनवायचं स्क्रॅच फुकट आहे, एमआयटीच्या मीडिया लॅबने बनवलेलं, 2007 पासून आहे, साधारण 8 वर्षांपुढच्या मुलांसाठी, आणि त्याहून लहान, 5 ते 7 च्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनिअर आहे, त्यात वाचावं पण लागत नाही, नुसते चित्रांचे ठोकळे. इंटरनेट नसेल तर स्क्रॅच कॉम्प्युटरवर उतरवून पण चालतं.

मी ते कोडिंग म्हणून शिकवतच नाही. मुलांकडे गोष्ट तयार असते, फ्लेमिंगो येतो, चिखलात चोच घालतो, उडून जातो, तेवढी हलवायला जे ठोकळे लागतात तेवढेच दाखवते. गोष्ट नसताना शिकवलं की स्क्रॅचमधली मांजर भिंतीवर आपटत बसते आणि दोन तासांत मुलं कंटाळतात.

पुस्तक बनवायचं असेल तर?

प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट बघा. मराठी गोष्टी आहेतच, शिवाय तिथली चित्रं घेऊन आपली गोष्ट लिहिता येते, परवानगीची कटकट नाही, फक्त चित्रकाराचं नाव द्यायचं. चित्रकाराचं नाव का द्यायचं, यावर एक तास घालवा, वसूल होतो.

इंटरनेटच नाही शाळेत.

फोटो, रेकॉर्डिंग, स्टॉप मोशन, कॉम्प्युटरवर उतरवलेलं स्क्रॅच, कशालाच लागत नाही. पुढचा प्रश्न.

आईबाबाच सगळं करून देतात, त्याचं काय करायचं?

घरी द्यायचंच नाही. घरून फक्त माहिती आणायची, आजीला विचारून ये, बिल्डिंगमध्ये पाण्याच्या टाक्या किती ते मोजून ये, बाकी सगळं वर्गात. पालकांनो, राग मानू नका, पण चौथीच्या मुलाच्या व्हिडिओला ड्रोनचा शॉट आणि मागे निवेदकाचा भरदार आवाज आला की आम्हाला कळतं. मुलाला विचारलं, हे कुठून घेतलंस, तर तो बिचारा छताकडे बघतो. माझ्या स्वतःच्या मुलाच्या वेळी मी पण रात्री अकराला थर्माकोल कापत बसले होते, तेव्हा मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

एआय वापरू द्यायचं का?

प्राथमिकच्या मुलांच्या हातात नाही. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या नियमातच 13 वर्षांखाली नाही असं आहे. मी स्वतः मोठ्या स्क्रीनवर कधीतरी दाखवते, तेही मुलांचं काम झाल्यावर. फ्लेमिंगोचं चित्र एका एआयकडून काढून घेतलं तर मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "बाई, चोच सरळ आहे, त्याची वाकडी असते, तो डोकं उलटं करून खातो." हे तो बोलू शकला कारण जानेवारीत त्याने खाडीवर दुर्बिणीतून बघितलं होतं. क्रम तेवढा सांभाळा, आधी खाडी, मग एआय.

मार्क कसे द्यायचे?

आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला जागा आहेच, तिथे धरा. मी व्हिडिओ किती सुंदर आहे ते बघतच नाही. बघते ते असं, की प्रश्न स्वतःचा होता का, पहिल्या प्रयत्नानंतर काही बदललं का, गटात प्रत्येकाने काय केलं. शेवटी प्रत्येक मुलाला एकटं बोलावून दोन मिनिटं विचारते, सगळ्यात अवघड काय गेलं? त्यातून वर्णनात्मक नोंदी आपोआप तयार होतात, नाहीतर आपण सगळ्यांना 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो' लिहून मोकळे.

मुलांचे फोटो-व्हिडिओ ग्रुपवर टाकले तर चालतील का?

विचारल्याशिवाय नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलंय, आणि मुलांची माहिती वापरायची तर पालकांच्या संमतीला मोठं महत्त्व आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, 44 घरांच्या ग्रुपवर टाकलेलं पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. मी वर्षाच्या सुरुवातीला कागदावर सही घेते, आणि प्रोजेक्टमध्ये शक्यतो हात, चित्रं आणि आवाज, चेहरे नाहीत. नाव फक्त पहिलं. मुलांच्या नावाने अॅपवर अकाउंट उघडत नाही, माझ्याच एका ईमेलवरून सगळं. कोणाचे पालक नाही म्हणाले तर त्या मुलाला वगळायचं नाही, तो कॅमेऱ्यामागे. आणि खरं सांगायचं तर ती जागा सगळ्यांनाच हवी असते.

प्रदर्शनात क्यूआर कोड लावायचे आहेत, कसे करू?

कल्पना झकास आहे. क्यूआर कोडचं नाव निघालं की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आठवतात, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. मुलांच्या चित्राखाली कोड चिकटवायचा, पालकांनी स्कॅन केला की मुलाचा आवाज.

आता माझी फजिती ऐका. नेटवर मिळालेल्या एका 'फ्री' साइटवरून 31 कोड बनवले, रात्रभर बसून कापले, चिकटवले. स्नेहसंमेलनाच्या दिवशी आजी-आजोबा रांगेत उभे, स्कॅन केलं की पैसे भरा असं पान. दोन आठवड्यांची ट्रायल आदल्या रात्री संपली होती. मुलं रडायच्या बेतात. मग त्यांनीच काय केलं तर आपापल्या चित्राशेजारी उभं राहून जे रेकॉर्ड केलं होतं ते तोंडी बोलून दाखवलं, स्कॅन म्हणून पाहुण्याने नाकाला बोट लावायचं. गर्दी हटेना.

तर शिकले ते हे, की कोड 'स्टॅटिक' हवा, म्हणजे लिंक थेट त्या चौकोनातच असते, मध्ये कुणाची साइट नसते, तो संपत नाही. 'डायनॅमिक' म्हटलं की सावध. आणि लिंकला परवानगी 'ज्याच्याकडे लिंक त्याला बघता येईल' अशी केलीय का ते दुसऱ्याच्या फोनवरून तपासा, आपल्या फोनवर तर सगळंच उघडतं.

स्क्रीन टाइम वाढणार नाही का?

आठवड्याला एका मुलाच्या वाट्याला जेमतेम 20 मिनिटं येतात, त्यातही निम्मा वेळ 'आता माझी पाळी' यावर जातो. काळजी घरच्या रील्सची करा.

सगळं झाल्यावर फाइली ठेवायच्या कुठे? माझा फोन फुल झालाय.

सगळ्यांचाच होतो. दर शुक्रवारी कॉम्प्युटरवर उतरवायचं, फोल्डरला इयत्ता, वर्ष आणि गटाचं नाव द्यायचं, एक प्रत पेनड्राइव्हवर. व्हॉट्सअॅपवरून घेताय तर व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दाबून धुरकट येतो. आणि जुनं डिलीट करायच्या आधी मुलांना विचारा. वरची ती रेल्वेची फिल्म मी उडवणार होते, आता ती मुलं सातवीत आहेत, परवा जिन्यात एकाने अडवलं आणि विचारलं, "बाई, गाडी आहे ना अजून? उडणारी?"